चिकची पत्रकं: जपून ठेवायची की फाडायची?

न्यू जर्सीचा नाना

हॅलोविनच्या रात्री लेकीने भोपळ्याची बादली गालिच्यावर पालथी केली. चॉकलेटं, गोळ्या, मनुकांच्या दोन चिमुकल्या डब्या (मनुका वाटणारं घर एकच, दरवर्षी तेच) आणि त्या ढिगात एक चित्रांचं चोपडं. आडवं, पोस्टकार्डापेक्षा अंमळ बारीक, काळं-पांढरं. मी हातातून काढून घेईपर्यंत पोरीचं अर्धं वाचून झालं होतं. "बाबा, यातल्या देवाला तोंड का नाहीये?"

गोष्ट अशी. एक सुखवस्तू गृहस्थ हातात पेला घेऊन स्वतःवर खूश. काळ्या झग्यातला सांगाडा येतो, गृहस्थ खलास. देवदूत त्याला वर नेतो आणि भल्यामोठ्या पडद्यावर त्याचा जन्म त्यालाच दाखवला जातो. चावट विनोद सांगितलेला, चर्चमध्ये बसून मॅचचा विचार केलेला, सगळं. समोर सिंहासनावर प्रचंड, लखलखीत, बिनचेहऱ्याचा देव. वहीत नाव नाही, म्हणून रवानगी आगीच्या तळ्यात. मग तेच आयुष्य पुन्हा, या खेपेला येशूला शरण जाऊन जगलेलं.

मला हसूच फुटलं. हा तर आमच्या आजीचा चित्रगुप्त! जत्रेत मिळायचे ते यमपुरीचे तक्ते आठवा. खोटं बोलणाऱ्याची जीभ सांडशीने ओढतायत, चोराला कढईत तळतायत.

मग खोदकाम केलं. काढणारा जॅक चिक, जन्म १९२४, लॉस एंजेलिस. २०१६ मध्ये वारला. लोकांसमोर फारसा आलाच नाही. हे पत्रक १९६४ चं, 'धिस वॉज युअर लाइफ', आणि ते शंभरेक भाषांत गेलंय. चीनचे कम्युनिस्ट चित्रांच्या पुस्तिकांनी पोरांना ओढतात असं ऐकून त्याला ही कल्पना सुचली म्हणे. आणि आपल्याला वाटतं धर्मप्रसाराचं पत्रक म्हणजे तोफ आपल्यावरच असणार. तसं नाही. चिकचा बराचसा दारूगोळा कॅथलिकांवर उडालाय. उरलेला उत्क्रांतीवर, रॉक संगीतावर आणि खुद्द हॅलोविनवर.

आता माझ्याकडे पंधरा जमलीत. बायको म्हणते, फाडून टाक, घरात लहान मूल आहे. माझं म्हणणं, ही लोककला आहे, कुणाचं काही वाकडं होत नाही. बोला.

कोरडा पाव

जपा हो. आमच्या वडिलांचा छापखाना होता. 'या मजकुराच्या हजार प्रती वाटा, एका व्यापाऱ्याने पत्रक फाडलं तर आठवड्यात धंदा बुडाला' छाप कामाचं महिन्याला एक तरी गिऱ्हाईक. वडील पक्के नास्तिक, पण हजार म्हटले की मोजून हजार. नऊशे छापून खपवले असते तर त्या गिऱ्हाइकाला कळणार होतं थोडंच! पण नाही.

चिकच्या रंगीत पुस्तकांतली चित्रं मात्र नीट बघा. ती त्याची नाहीत, फ्रेड कार्टर या कृष्णवर्णीय चित्रकाराची आहेत. प्रकाश-सावली काय हाताळलीय! आणि वर्षानुवर्षं त्याचं नावच नव्हतं, ते १९८० मध्ये उघड केलं. माझा राग असेल तर तेवढ्यावर.

वसईचा वारा

नाना, तुमच्या पंधरात 'द डेथ कुकी' आहे का? १९८८ चं. आमच्या मिस्सातल्या, म्हणजे चर्चच्या उपासनेतल्या, पवित्र भाकरीला त्याने 'मरणाचं बिस्कीट' म्हटलंय. त्यावरची आय-एच-एस ही अक्षरं म्हणजे आयसिस, होरस, सेब हे इजिप्तचे देव, असं सांगतो. वास्तविक ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं. चर्चमधल्या कुठल्याही सिस्टरला विचारलं असतं तरी कळलं असतं.

माझं पहिलं कम्युनियन (ती भाकरी पहिल्यांदा घ्यायचा विधी) सातव्या-आठव्या वर्षी झालं. आजीने बजावलेलं, दात लावायचा नाही, जिभेवर विरू द्यायचं. ते गेलं टाळूला चिकटून. बोट घालायची हिंमत नाही, गिळता येईना, बाकावर बसून डोळ्यांत पाणी. फोटोत तोंड मिटलेलं आहे ते त्यामुळे. आता हाच प्रसंग कुणी सैतानाची पूजा म्हणून रंगवून पोरांच्या बादलीत टाकतो आणि तुम्ही त्याला लोककला म्हणता.

तुमच्या यमपुरीच्या तक्त्यात खोटं बोलणारा तळला जातो. यात मी तळली जाते, मिस्साला गेले म्हणून.

टिळा-टोपी

ताई, भावना समजल्या. पण जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांचा तो संघ, कट रचतो असं चिक सांगायचा, ते अगदीच हवेत होतं का? गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चाललं. त्यासाठी पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये पत्र लिहिणारा फ्रान्सिस झेवियर जेझुइटच होता. हे काय चिकने काढलेलं चित्र होतं? आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

वसईचा वारा

निघतो. धुराचं यंत्र लावलं की निघतो.

गोव्याचं कुणी नाकारलंय? त्याला तारखा आहेत, डेलोंसारख्या फ्रेंच डॉक्टरने स्वतः कैद भोगून लिहिलेलं पुस्तक आहे. आता चिकचा साक्षीदार बघा. आल्बेर्तो रिव्हेरा, 'मी माजी जेझुइट' म्हणून आला. १९७९ पासून चिकने त्याच्या नावावर रंगीत कॉमिक्सची माळ लावली. त्यात काय काय आहे? इस्लामची स्थापना व्हॅटिकनने केली. कम्युनिझम व्हॅटिकनचा, नाझी व्हॅटिकनचे. सगळ्या प्रोटेस्टंटांची नावं व्हॅटिकनच्या संगणकात. १९७८ मध्ये जोन्सटाउनला एका पंथाची नऊशेवर माणसं मेली, त्यांचा तो जिम जोन्ससुद्धा जेझुइट!

हे खोटं कॅथलिकांनी नव्हे, प्रोटेस्टंट नियतकालिकांनीच १९८१ मध्ये उघडं पाडलं. ज्या काळात हा गृहस्थ ब्रह्मचारी पाद्री असल्याचं सांगत होता, त्या काळात त्याला बायको होती आणि दोन मुलं होती. फसवणुकीच्या तक्रारी होत्या त्या वेगळ्याच. त्याच वर्षी ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेत गदारोळ झाला, तर चिक बाहेर पडला. का, तर म्हणे तिथेही कॅथलिक घुसलेत! आता यापुढे त्याला काय दाखवणार? जो पुरावा देईल तो आपोआप कटातला.

आणि जेझुइट म्हटल्यावर तुम्हाला झेवियरच का आठवला? फादर स्टीफन्सही जेझुइटच. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' कुणाची ओवी आहे?

टिळा-टोपी

ओवी सुंदर आहे, मान्य. पण क्रिस्तपुराण हाही प्रचारच होता, फक्त गोड.

वसईचा वारा

होता ना. १६१६ मध्ये रायतूरला छापला, स्वतःच्या नावाने. त्यात मराठीची स्तुती आहे, शेजारी सैतानाचा हेर असल्याची बातमी नाही. गंमत म्हणजे हा माणूस इंग्लंडचा. १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि दोनच वर्षांत तिकडे लंडनला त्याच्याच संघाचा एडमंड कॅम्पियन देशद्रोही ठरवून फाशी दिला गेला. 'प्रत्येक जेझुइट हा वेष पालटलेला हेर' ही भीती तेव्हापासूनची. चिकला ती आयती मिळाली.

वीस बाजूंचा फासा

नाना, 'कुणाचं काही वाकडं होत नाही' याला माझा विरोध. मी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा कल्पनेचा खेळ खेळतो, पुण्यात आमचा शनिवारचा कट्टा आहे. चिकचं १९८४ चं 'डार्क डंजन्स' आमच्यात पाठ आहे. त्यात मार्सी नावाच्या मुलीचं खेळातलं पात्र मरतं, म्हणून ती खरोखर गळफास घेते. तिची मैत्रीण डेबी आठव्या पातळीला पोचते, तर खेळ घेणारी बाई तिला खरी जादूटोणा शिकवते. शेवटी पुस्तकांची होळी. आम्ही ते नाटकी आवाजात वाचतो आणि लोळतो. २०१४ मध्ये त्यावर सिनेमाही निघाला, चिककडून रीतसर परवानगी घेऊन!

पण ते छापलं गेलं तेव्हा अमेरिकेत कुणी लोळत नव्हतं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण पेटलं होतं. सैतानी विधी, भुयारं, असले आरोप. १९९० पर्यंत खटला चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. पण त्या शिक्षकांची मधली वर्षं गेली ती गेलीच. ते चिकने घडवलं असं नाही म्हणत मी. पण हवा तीच होती, आणि ती घरोघर पोचवणारं सगळ्यात स्वस्त वाहन हे चोपडं.

कोरडा पाव

म्हणजे छापणाऱ्याला धरायचं का? वडील वारलेत आमचे, बरं झालं.

अर्धा ग्लास

या धाग्यावर अजून पु. ना. ओक, सगळं मूळचं हिंदूंचं असं सांगणारे, कसे आले नाहीत? 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती.' चिकचं आयसिस-होरस हे त्याच जातीचं. नादाला नाद जुळला की झाला इतिहास. चिकवाल्यांचा हा कारखाना अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पाद्र्याचा, १८५३ पासूनचा. रोमचं सगळं बॅबिलॉनवरून आलं, ईस्टर म्हणजे इश्तार, वगैरे. आमच्या काकांच्या कपाटात ओकांचं तेजोमहालय (ताजमहाल म्हणजे मूळचं शिवमंदिर, असं सांगणारं) होतं आणि काका इंजिनिअर होते. तेव्हा अमेरिकनांना हसताना जरा बेताने.

दोन किस्से मात्र सांगतो. चिकचं १९९१ चं एक पत्रक फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघावर आहे. ते ल्युसिफरला, म्हणजे सैतानाला, भजतात याचा 'पुरावा' म्हणून त्यात एक उतारा दिलाय. तो रचला होता लिओ ताक्सिलच्या कंपूने. या ताक्सिलने बारा वर्षं भोळ्या कॅथलिकांना मेसनांच्या सैतानपूजेच्या गोष्टी विकल्या आणि १९ एप्रिल १८९७ ला पॅरिसमध्ये भरल्या सभागृहात सांगून टाकलं, सगळी थाप होती. कॅथलिकांना बनवायला रचलेली थाप चौऱ्याण्णव वर्षांनी कॅथलिकद्वेष्ट्याने गिळली!

दुसरा राल्फ वुड्रो या धर्मोपदेशकाचा. त्याने हिस्लॉपच्या आधारावर १९६६ मध्ये पुस्तक लिहिलं, ते धडाक्यात खपलं. पुढे एका शिक्षकाने टोकलं म्हणून हा हिस्लॉपचे संदर्भ तपासायला बसला, तर त्यात काही सापडेना. मग त्याने स्वतःचं चालतं पुस्तक बाजारातून काढलं आणि १९९७ मध्ये उलट बाजूचं लिहिलं. घरचं उत्पन्न बंद करून! असा एकही ओकभक्त मला आजवर भेटलेला नाही.

टिळा-टोपी

ओकांना चिकच्या रांगेत बसवणं पटलं नाही. त्यांनी कुणाला नरकात नाही पाठवलं.

अर्धा ग्लास

नाही पाठवलं, खरंय. फक्त घरावरच्या पाट्या बदलल्या.

न्यू जर्सीचा नाना

सगळं वाचलं. 'डेथ कुकी' आहे माझ्याकडे. काल पुन्हा काढून बघितलं, ताईंच्या टाळूचं वाचल्यावर मजा नाही आली.

एक राहिलं होतं सांगायचं. ते चोपडं मनुकावाल्या घरातलंच होतं. तिथे ऐंशीच्या आजी एकट्या राहतात. मागच्या हिवाळ्यात बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे आमच्या दारी सूप आलं ते त्यांच्याकडून. दर रविवारी चर्चला जातात, गाडी स्वतः चालवतात. त्या पोरीला घाबरवायला देत नसणार, त्यांच्या हिशेबात त्या तिला आगीतून ओढून काढतायत. माझ्या 'लोककले'त हे कुठे बसवायचं ते कळेना, म्हणून पहिल्यांदा लिहिलं नाही.

दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेलो. आजींनी दारातच चकली मोडून खाल्ली, लाडू कसला ते विचारलं. काल ताट परत आलं. रिकामं नव्हतं. मनुकांच्या चार डब्या आणि खाली पत्रक.

वसईचा वारा

बिस्कीटवालं का?

न्यू जर्सीचा नाना

नाही ताई. या वेळी आमच्यावरचं होतं. मी ते लेकीच्या आधी उचललं आणि पंधरांच्या गठ्ठ्यात ठेवायला गेलो, पण ठेवलं नाही. सध्या गाडीच्या खणात आहे.