सोनी ए६४०० बदलून ए६७०० घेऊ का? (नाटकाचे फोटो, आडवे पट्टे आणि बायकोचा प्रश्न)

विंगेतला, सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न कॅमेऱ्याचा आहे, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही. तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

मी सांगलीचा. नोकरी बँकेत, कॅश काउंटरवर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून गावाला जी खोड लागली ती काही सुटलेली नाही. दर चार घरांमागे एक जण तरी ‘आमच्या ग्रुपचं नाटक बसतंय’ म्हणणारा भेटतोच. मला अभिनय येत नाही. एकदा हवालदाराचं काम केलं होतं. दोन वाक्यं होती, त्यातलं एक विसरलो. तेव्हापासून मी फोटो काढतो. मोबदला चहा आणि भडंग.

ए६४०० घेतला २०१९ च्या दिवाळीत, १६-५० च्या किट लेन्ससकट. पुढे ५५-२१० सेकंडहँड मिळाली. दोन वर्षांपूर्वी हिय्या करून सिग्माची ५६ एफ १.४ लेन्स घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). ती आल्यापासून बाकीच्या दोन्ही बॅगेतच असतात.

आता मूळ दुखणं. यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत मित्रांचं नाटक होतं. दुसऱ्या अंकात बाई नवऱ्याचं पत्र वाचते, घडी घालते आणि मग जवळजवळ वीस सेकंद काहीच बोलत नाही. अख्खं नाट्यगृह गप्प. मी चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलेलं, त्यामुळे निवांतपणे काढत होतो. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर उघडले तर बाईंच्या तोंडावर आडवे पट्टे! एक उजळ, एक काळपट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्या अंकातले एकशे बारा फोटो, त्यातले धड सतरा. दिग्दर्शकाला दाखवले तर म्हणाला, “हे काय, शटरच्या दुकानात उभं राहून काढलेस का?”

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपच्या प्रयोगाला सायलेंट बंद केलं. नेमकं शांततेत ‘खटॅक’. पुढे बसलेल्या परीक्षकांपैकी एकांनी मान वळवून पाहिलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे याच नाट्यगृहात, याच कॅमेऱ्याने, याच सायलेंट शटरवर तीन-चार वर्षं मी फोटो काढतोय. तेव्हा पट्टे नव्हते. म्हणून वाटायला लागलं की कॅमेरा म्हातारा झाला. मार्चमध्ये दीड लाखाची एफडी सुटतेय आणि डोक्यात ए६७०० बसलाय. घरी विषय काढला. “फुकटच्या कामाला दीड लाखाचा कॅमेरा?” मुद्दा बिनतोड आहे, म्हणून तुमच्याकडे आलो.

नवीन बॉडीने पट्टे जातील का? अंधाऱ्या प्रसंगात फोटो कमी किरकिरीत (कमी दाणेदार) येतील का? की त्याच पैशात जुना फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, ए७ थ्री बघू?

---

खाडीकाठचा, ठाणे

घ्या हो. आयुष्यात दुसरं काय आहे?

गंमत सोडा. मी ए६४०० वरून ए६७०० वर गेलो त्याला वर्ष झालं. सगळ्यात मोठं सुख बॅटरीचं. जुनी एफडब्ल्यू५० कंपनीच्याच हिशोबाने स्क्रीनवर ४१० फोटो द्यायची, नवी एफझेड१०० ५७० देते. प्रत्यक्षात फरक त्याहून जास्त वाटतो. खाडीवर फ्लेमिंगो काढताना आधी तीन बॅटऱ्या खिशात असायच्या, आता एक. दुसरं म्हणजे फोकस. माणूस पाठमोरा झाला, मान खाली घातली, तरी तो सोडत नाही. कमी उजेडात फोकस करायची मर्यादाही उणे दोनवरून उणे तीन ईव्हीवर गेलीय (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार). शिवाय हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बॉडीतच.

वजन ९० ग्रॅमने वाढतं, पण पकड मोठी असल्याने उलट हलका वाटतो. कार्डाचा खण दोन्हींत एकच, ती एक रड कायम आहे.

पट्ट्यांचं मात्र माहीत नाही. फ्लेमिंगोंवर एलईडी नसतात.

---

मंद_प्रकाश, पुणे

मी कॅमेरावाली नाही, लाइटवाली आहे. हौशी आणि प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. बऱ्याच फोटोग्राफरांनी हेच रडगाणं माझ्यापाशी गायलंय, म्हणून लिहिते.

दादा, तुमचा कॅमेरा म्हातारा झालेला नाही. नाट्यगृहातले दिवे तरुण झालेत. पूर्वी वर हॅलोजनचे ‘पार’ (रंगमंचावरचे डबेवजा दिवे) असायचे. त्यातली तार तापून लाल असते. वीज सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त झाली तरी तार तेवढ्यात गार पडत नाही, त्यामुळे उजेड बऱ्यापैकी सलग. आता त्यांच्या जागी एलईडी पार आलेत. हे दिवे मंद कसे होतात ठाऊक आहे? बहुतेक मंद होतच नाहीत. पूर्ण लागतात, पूर्ण विझतात, सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा. लागलेला वेळ कमी केला की आपल्या डोळ्याला मंद वाटतं. डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही.

म्हणजे मी बोर्डवर दिवा शंभर टक्क्यांवर ठेवला तर तुम्हाला पट्टे जवळजवळ दिसणार नाहीत. तोच तीस टक्क्यांवर आणला की झेब्रा. आता आठवून बघा, पट्टे आले तो प्रसंग कोणता होता? बाई एकटी, पत्र, शांतता. त्या प्रसंगाला मीसुद्धा दिवे खालीच आणले असते! पहिल्या अंकातले, भरपूर उजेडाचे फोटो तपासा. ते बरे असणार.

यावर कॅमेऱ्यात करायचं ते एवढंच: शटर हळू करा. समजा दिवा सेकंदाला ४०० वेळा लागतो-विझतो. शटर १/१०० सेकंद असेल तर सेन्सरच्या प्रत्येक ओळीला बरोबर चार चमका मिळतात, सगळ्यांना सारख्या. शटर १/३२० असेल तर वाट्याला सव्वा चमक. मग एखाद्या ओळीला दोन, शेजारच्या ओळीला एक. तेच तुमचे पट्टे. सायलेंट शटरमध्ये ओळी एकामागून एक सावकाश वाचल्या जातात म्हणून पट्टे ढिगाने दिसतात.

तुमचं शटर किती होतं? तुम्ही लिहिलंच नाहीये.

अवांतर: नाटक सुरू व्हायच्या आधी लाइटवाल्याला येऊन भेटत जा. आम्ही वर कोपऱ्यात बसलेलो असतो, कुणी चहालाही विचारत नाही. काही दिव्यांत ही लुकलुक वेगवान करायची सोय असते. आधी सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम आहे. तिसऱ्या घंटेनंतर सांगितलंत तर शिव्या मिळतील.

---

रोलवाला काका, नागपूर

मंद_प्रकाश यांचा प्रतिसाद कापून पाकिटात ठेवावा असा आहे. मी फक्त पैशाचं बोलतो.

विंगेतला, ए६७०० घेतलास तरी सायलेंटवर पट्टे येणारच. त्याचा सेन्सर ए६४०० पेक्षा लवकर वाचला जातो हे खरं, पण तो स्टॅक्ड (थरांचा, फार झपाट्याने वाचला जाणारा) नाही. ही कटकट बरीचशी मिटते ती स्टॅक्ड सेन्सरच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे सोनी ए१, निकॉन झेड८, फुजी एक्स-एच२एस वगैरे. ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, तिथे सगळ्या ओळी एकाच वेळी वाचल्या जातात, पण तो घ्यायचा तर तुझ्या एफडीला बरीच भावंडं लागतील.

किरकिरीचं म्हणशील तर सेन्सरचा आकार तोच, २४ च्या जागी २६ मेगापिक्सेल. फरक आहे, पण शेजारी-शेजारी ठेवून शोधावा लागेल एवढाच. स्टॅबिलायझेशन तुझा हात धरतं, नटाचा धरत नाही. नट हलला की फोटो हललाच.

लेन्सचा हिशोब बघ. तुझी ५५-२१० लांबच्या टोकाकडे एफ ५.६-६.३ वर जाते. तिच्यावर २५६०० आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की किरकिर वाढते) लागत असेल तिथे एफ २.८ च्या झूमवर ६४०० लागेल आणि तुझ्या सिग्मावर १६००. कुठलीही नवी बॉडी एवढी उडी मारून देत नाही. ५६ अपुरी पडत असेल तर सोनीची ८५ एफ १.८ बघ. ३७१ ग्रॅम वजन, एफ ५.६ च्या मानाने जवळपास दहापट उजेड, आणि पुढेमागे फुलफ्रेमवर गेलास तरी चालेल.

ए७ थ्रीचा मोह आवर. म्हणजे कॅमेरा उत्तम आहे, माझ्याकडे आहे. पण तुझी सिग्मा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची. ती लावलीस की २४ चे १० मेगापिक्सेल उरतात. पुन्हा लेन्सा आल्या. त्या बाबतीत वहिनींचं ऐक.

आणि रॉमध्ये (जेपेग न करता सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतोस ना? लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून एआय डिनॉइज, म्हणजे किरकिर काढायची सोय आहे. मी विरोधात होतो. माझ्या २०१८ च्या एका ६४०० आयएसओच्या फाइलवर चालवून बघितलं आणि गप्प बसलो. फार ओढू नकोस मात्र, नटांचे चेहरे मेणाचे होतात.

---

विंगेतला, सांगली

मंडळी, उशिरा उत्तर देतोय, पण रिकाम्या हाताने आलेलो नाही.

मंद_प्रकाश ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री अकराला जुनी हार्ड डिस्क काढली. पट्ट्यांच्या सगळ्या फोटोंचं शटर १/३२०. मग मागच्या वर्षांचे फोटो उघडले. किट लेन्सवर काढलेले, जेव्हा कॅमेरा ‘तरुण’ होता तेव्हाचे. १/८०, १/६०, एक तर १/५०. त्या लेन्समध्ये उजेडच शिरत नव्हता, शटर पळवणार कुठून! सिग्मा आली आणि मी माजलो. एफ १.४ आहे म्हणून शटर वर, वर, वर. त्याच सुमारास नाट्यगृहात एलईडी आले, हे तिथल्या वायरमनकडून कळलं. म्हणजे पट्टे आणले मीच, स्वतःच्या पैशाने.

पहिल्या अंकाचंही तुमचं खरं निघालं. कोर्टाचा भरउजेडाचा प्रसंग होता, तो जवळजवळ साफ आहे.

परवा दुसऱ्या एका नाटकाच्या रंगीत तालमीला गेलो. आधी लाइटवाल्या पोराला चहा पाजला. त्याला इतकं आश्चर्य वाटलं की त्याने विचारलं, “काका, काही काम होतं का?” दिवे तीस टक्क्यांवर आणून दिले. सायलेंट शटर, १/३२०: झेब्रा. १/१२५: लांबून गेलेल्या झेब्र्याची आठवण. १/१००: साफ. फक्त मागच्या निळ्या दिव्यात, भिंतीवर, फिकट पट्टे राहिले. तो दिवा दुसऱ्या कंपनीचा आहे म्हणे, त्याची लुकलुक वेगळी.

१/१०० वर हातवारे हलतात, हे आहेच. एका प्रसंगात म्हातारा काठी आपटतो. काठी पार धूसर झाली आणि चेहरा खडखडीत स्पष्ट. दिग्दर्शकाला तो फोटो एवढा आवडला की पोस्टरवर घेतलाय. मी ‘मुद्दाम केलं’ असं सांगितलंय, इथे कुणी चुगली करू नका.

तालमीत अजून एक गोष्ट झाली. प्रेक्षक नाहीत, परीक्षक नाहीत, त्यामुळे यांत्रिक शटर लावून रंगमंचाच्या कडेपर्यंत जाता आलं. ‘खटॅक’ झालं तरी कुणाची समाधी मोडत नाही. इतकी वर्षं मी चौथ्या रांगेतून अंधारात धडपडत का बसलो होतो, देव जाणे. आता ग्रुपला सांगितलंय, फोटो रंगीत तालमीत. प्रयोगाला मी हात मोकळे ठेवून नाटक बघणार. गेल्या सहा वर्षांत मी एकही नाटक पूर्ण पाहिलेलं नाही, सगळी चौकटीतून पाहिलीत.

काका, ८५ एफ १.८ चं पटलं. इचलकरंजीत एकाकडे वापरलेली आहे, रविवारी बघायला जातोय. बुरशी कशी तपासायची तेवढं सांगा. मोबाइलचा टॉर्च मागून मारायचा ना?

खाडीकाठचा साहेब, बॅटरीचा मुद्दा मनात घर करून आहे. परवा तालमीत दोन बॅटऱ्या संपल्या. खरं सांगायचं तर ए६७०० मला हवाच आहे. फक्त घरी पट्ट्यांचं कारण सांगून ठेवलं होतं, ते आता चालणार नाही. एफडी तूर्त वर्षभरासाठी पुढे टाकली.

---

रोलवाला काका, नागपूर

टॉर्च बरोबर. लेन्स कॅमेऱ्यावरून काढ, दोन्ही झाकणं काढ, टॉर्च तिरका मार, समोरून नको. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर परत फीर, कितीही स्वस्त देत असला तरी. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नकोस, ते नव्यातही असतात. मग कॅमेऱ्यावर चढवून एफ १.८ वर जवळच्या एखाद्या छापील कागदावर फोकस करून बघ.

---

विंगेतला, सांगली

आभारी आहे काका. ५५-२१० कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काच स्वच्छ आहे, पुढचं झाकण मिरजेच्या एका प्रयोगात हरवलंय.