अनुभव हवेत: कम्युनिटी कॉलेजात प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स

माझी धाकटी बहीण लग्न होऊन कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आली आहे, एच-फोर व्हिसावर (नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असला की बायकोला मिळतो तो). शिक्षण बी.कॉम. आता इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स घ्यायचा म्हणतेय, पण फार धास्तावली आहे. ज्यांनी केलाय त्यांनी घर, मुलं, वय सगळ्यासकट लिहा ना.

*

मी केलाय, क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात, सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेचा. माझं एम.ए. मराठीत. एच-फोरवर शिकायला वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही, हे मला कितीतरी महिने ठाऊकच नव्हतं. फीचं मात्र नीट बघा. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे दिले की रहिवाशांची फी लागते, डी अँझात युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) 31 डॉलर. माझ्या कोर्सच्या साडेचार युनिटांचे दीडशेच्या आत झाले, किरकोळ फी वेगळी. बाहेरच्यांना कितीतरी जास्त पडते.

तिसऱ्या आठवड्यात फॅरनहाइटचं सेल्सियस करायची असाइनमेंट होती. सूत्र शाळेपासून पाठ. 98.6 टाकलं, उत्तर 0. 212 टाकलं, तरी 0. लेकीला झोपवून दोन रात्री एकेक सेमीकोलन तपासला. शेवटी ट्युटरिंग सेंटरला गेले. तिथल्या विशीतल्या मुलाने उत्तर सांगितलं नाही. म्हणाला, "नुसतं 5 भागिले 9 छापून बघा." 0! दोन्ही पूर्णांक असले की सी प्लस प्लस भागाकारही पूर्णांकच देतं, पुढचं सगळं गळून जातं. 5 च्या जागी 5.0 लिहिलं आणि स्क्रीनवर 37 आलं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

बहिणीला सांगा, दोन रात्री वाया घालवू नकोस, पहिल्याच दिवशी विचार. आपल्याला विचारायची लाज वाटते, तिथे कुणालाच वाटत नाही.

*

वय 51, मेकॅनिकलवाला. संध्याकाळचा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा वर्ग. लूपपाशी (तीच पायरी पुन्हा पुन्हा करून घेणं) अडलो, तेव्हा पुण्यात डिप्लोमाला सर करून घ्यायचे तो ड्राय रन आठवला. वहीत रकाने आखायचे: फेरी कितवी, "i" (फेरीगणिक बदलणारा आकडा) किती, बेरीज किती. 1 ते 10 ची बेरीज 55 यायला हवी, माझी 45 येत होती. पायथनच्या रेंजमध्ये (कुठून कुठपर्यंत मोजायचं ते) शेवटचा आकडा धरत नाहीत, हे वहीत दिसलं. वही अजून जपून ठेवली आहे.

*

मी पहिल्यांदा ड्रॉप केला होता. पहिल्याच तासाला सर म्हणाले, आधी कोडिंग केलं नसेल तर जड जाईल. कोर्स नवशिक्यांसाठी, आणि हे बोलणं! याचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या टर्मला दुसऱ्या मॅडमकडे घेतला, ए मिळाला. ड्रॉपची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुदतीनंतर सोडलं तर गुणपत्रिकेवर डब्ल्यू (कोर्स सोडल्याचा शेरा) लागतो.

*

नोकरीचं वेगळं असतं हं. एच-फोरवर काम करायला ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, लागतं. ते 2015 पासून मिळतं, पण सगळ्यांना नाही. बहुतेकींच्या बाबतीत नवऱ्याचं आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर असावं लागतं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती वेटलिस्टवर तिसरी आहे. तरी पहिल्या दिवशी जाऊन बसली तर चालेल का?

*

चालेल काय, जायलाच हवं. पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात. तास संपला की प्रोफेसरांना भेटून ॲड कोड (वर्गात नाव घालायला लागणारा नंबर) मागायला सांगा.