‘मन होत नाही’ आणि ‘नकोसं वाटतं’ : माहितीपत्रकासाठी शब्द हवेत

मांडवीकाठ
पाळी गेलेल्या बायकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. म्हापसा-डिचोली भागात वाटायचं आहे. मूळ मजकुरात लिबिडो कमी होणं, हार्मोन थेरपी आणि इमोशनल इंटिमसी हे तीन शब्द पानोपानी येतात. शब्दकोशांत कामवासना, संप्रेरक उपचार, भावनिक घनिष्ठता असे प्रतिशब्द मिळतात. शेजारच्या काकींना वाचून दाखवलं, तर ‘घनिष्ठता’ ऐकून ‘दाटपणा की काय?’ म्हणाल्या.

जुना खडू
वासना नको. कावळा पिंडाला शिवला नाही की आपण ‘वासना राहिली’ म्हणतो, आणि पेपरात ती थेट ‘वासनांध’ म्हणूनच भेटते. कामेच्छा त्यातल्या त्यात बरा, पण छापील शब्द आहे तो, बोलण्यातला नव्हे. बायका आपसात ‘मन होत नाही’ म्हणतात, नाहीतर ‘नकोसं वाटतं’. यातला कुठलाही घ्या.

ओपीडी संपली
सर, कुठलाही नको. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हे दोन शब्द माझ्यासाठी दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ‘मन होत नाही’ म्हणजे इच्छाच उठत नाही. ‘नकोसं वाटतं’च्या मागे पुष्कळदा दुखणं असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, योनीमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतात; मग साहजिकच टाळलं जातं. त्यावर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम तिथल्या तिथे लावायचं असतं. इच्छेची गोष्ट निराळी. टेस्टोस्टेरॉन बायकांच्याही अंगात तयार होतं, अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञसंस्थांनी मिळून जे मत दिलं, त्यात बायकांना ते देण्याचं पुराव्यानिशी एकच कारण मानलं आहे : पाळी गेल्यानंतर इच्छा मंदावणं, आणि तिला स्वतःला त्याचा त्रास होणं.

मांडवीकाठ
घरात कोंकणीतून बोलताना ‘नाका दिसता’ एवढंच म्हटलं जातं. त्यात दोन्ही येतं. पत्रक वाचणार मराठीत, डॉक्टरला सांगणार कोंकणीत! म्हणजे ‘मन होत नाही की दुखतं म्हणून नको?’ असा प्रश्नच छापायला हवा.

ओपीडी संपली
छापाच. आणि ‘लिबिडो कमी होणं’साठी ‘कमतरता’ लिहिलं असेल तर तो शब्द काढा. कुणापेक्षा कमी? रक्तातला टेस्टोस्टेरॉनचा आकडा बघून बाईच्या बाबतीत हे निदान होत नाही. पुरुषांत सकाळचं रक्त घेऊन, दोनदा तपासून ठरवतात. तो हिशेब इथे लावू नये. आधी थायरॉइड, मधुमेह, नैराश्य आणि चालू गोळ्या पाहायच्या. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते. ‘मंदावणे’ हे क्रियापद मला आवडतं, त्यात दोष कुणाच्या माथी येत नाही.

तिसरी घंटा
आयुर्वेदात ‘वाजीकरण’ आहे की! आठ अंगांपैकी एक.

जुना खडू
आहे, पण वाजी म्हणजे घोडा. भिंतीवरच्या ‘मर्दानी ताकद’वाल्या जाहिरातींनी त्याचं जे केलं ते केलं. बायकांच्या पत्रकात घोडा नको. संप्रेरक मात्र एकदा तरी द्या, घडण सुरेख आहे. स्टार्लिंगने १९०५ साली हार्मोन हा शब्द रूढ केला तो ‘चालना देणे’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून, आणि आपल्या शब्दातही प्रेरणाच आहे. पहिल्या ओळीत ‘संप्रेरक, म्हणजे हार्मोन’, पुढे नुसतं हार्मोन.

तिसरी घंटा
मग ऑक्सिटोसिनचं काय? त्याला ‘प्रेमाचं हार्मोन’ म्हणतात ना?

ओपीडी संपली
मासिकांत म्हणतात. आमच्याकडे ते बाळंतपणात कळा येण्यासाठी. इच्छेसाठी देण्याइतका भक्कम पुरावा नाही, पत्रकात घेऊ नका.

मांडवीकाठ
तिसरा शब्द राहिला. ‘जवळीक’ लिहिलं तर ‘जवळीक साधून फसवणूक’ आठवते. सलगी तर ‘नको तेवढी’च असते. कोंकणीतला ‘मोग’, म्हणजे प्रेम, गोड आहे, पण फार मोठा.

जुना खडू
बिघडवतो तो ‘साधणे’. ‘त्या दोघांत जवळीक राहिली नाही’ हे वाक्य घ्या, काही वाईट वाटतं? भावनिक हे विशेषणही नको. ‘मनाची जवळीक’.

ओपीडी संपली
माझा आक्षेप शब्दाला नाही, कर्त्याला आहे. ‘उपचाराने जवळीक वाढते’ असं लिहू नका. टेस्टोस्टेरॉनच्या जेलने इच्छा वाढू शकते, तिच्याबद्दलची चिंता कमी होऊ शकते. नवरा-बायकोचा अबोला जेलने सुटत नाही; उलट अबोल्यानेच इच्छा गेलेली असते, असंही बघते मी. मोजके देश सोडले तर बायकांसाठी वेगळं जेल मिळतही नाही, पुरुषांचंच फार थोड्या मात्रेत द्यावं लागतं. म्हणून दुकानातून स्वतःहून आणायचं नाही, हे ठळक टाइपात. मुरुमं, चेहऱ्यावर केस हे मात्रा जास्त झाल्याचं लक्षण. सहा महिन्यांत फरक नाही पडला तर बंद.

मांडवीकाठ
मसुदा असा : ‘पाळी गेल्यावर इच्छा मंदावली आणि त्याचा तुम्हाला त्रास होत असेल, तर डॉक्टर हार्मोनचा विचार करतात. दुखत असेल तर आधी ते सांगा. मनाची जवळीक हा वेगळा विषय आहे, त्यासाठी दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाता येतं.’

जुना खडू
‘समुपदेशक’ काकींना विचारून बघा. आणि कोणी ‘रजोनिवृत्त’ छापा म्हणालं तर तो मथळ्यात घाला, आत ‘पाळी गेलेली’च राहू दे.