दूध संकलनाच्या नोंदवहीत डेटाची शेवटची ओळ मॅक्रोने खात्रीने कशी शोधावी?

प्रश्न : संकलन_वही

नमस्कार. आमच्या गावातील दूध संकलन केंद्राची नोंदवही गेल्या दीड महिन्यापासून मी एक्सेलमध्ये ठेवतो आहे. सुमारे १४० सभासद आहेत आणि सकाळ व संध्याकाळ अशी दोन सत्रे असतात, त्यामुळे रोज साधारण २८० ओळींची भर पडते. ए रकान्यात तारीख, बी मध्ये सत्र, सी मध्ये सभासद क्रमांक आणि त्यापुढे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅटव्यतिरिक्त घन घटक), दर व रक्कम असे रकाने आहेत. वरच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या असून शीर्षके तिसऱ्या ओळीत आहेत. दर आणि रक्कम या रकान्यांत सूत्रे २०,००० व्या ओळीपर्यंत आधीच ओढून ठेवली आहेत. लिटर भरलेले नसेल तर ती सूत्रे कोरी दिसतात. फॉर्मवरील बटण दाबले की मॅक्रो (एक्सेलमधील छोटा प्रोग्राम) शेवटची भरलेली ओळ शोधतो आणि तिच्याखाली नवी नोंद लिहितो.

ही शेवटची ओळ शोधण्यासाठी मी आतापर्यंत तीन पद्धती वापरून पाहिल्या. प्रथम मॅक्रो रेकॉर्ड करून जे मिळाले ते, म्हणजे शीर्षकापासून खाली जाणारे एंड एक्सएलडाउन, ठेवले होते. परंतु कोऱ्या वहीत पहिलीच नोंद करताना १००४ क्रमांकाची चूक आली. नंतर यूज्डरेंजमधील (शीटच्या वापरलेल्या भागातील) ओळींची संख्या घेतली, तेव्हा नोंदी १९,९९९ व्या ओळीपासून लिहिल्या जाऊ लागल्या आणि शेवटच्या सूत्रांवर लिहून गेल्या. तिसऱ्या वेळी तळापासून वर येणारी एंड एक्सएलअप ही पद्धत ए रकान्यावर लावली आणि महिनाभर तिने कोणतीही तक्रार येऊ दिली नाही.

मागच्या आठवड्यात मात्र एका संध्याकाळच्या सर्व नोंदी नाहीशा झाल्या. सकाळच्या नोंदी १२,४६३ व्या ओळीपर्यंत व्यवस्थित होत्या. संध्याकाळी १४० जणांचे दूध मोजले गेले, प्रत्येकाला चिठ्ठी छापून मिळाली, मॅक्रोने एकदाही चूक दाखवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा त्या सत्राची केवळ एक, सर्वांत शेवटी आलेल्या सभासदाची, नोंद सापडली. तीही सकाळच्या नोंदींच्या मधोमध, १२,३७८ व्या ओळीत होती. चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती असल्यामुळे मी सर्व नोंदी रात्री जागून पुन्हा भरल्या. पण दहा दिवसांचे बिल याच वहीवरून निघते आणि सभासदांचे पैसे त्यावर अवलंबून असतात. असे का झाले आणि कोणत्या पद्धतीवर विश्वास ठेवावा, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर : खतावणी

आपण वर्णन केलेल्या खुणा इतक्या नेमक्या आहेत की कारण जवळजवळ निश्चितपणे सांगता येते. त्या संध्याकाळी शीटवर फिल्टर (निवडलेल्या ओळीच दाखवून बाकीच्या लपवणारी सोय) लागलेला होता. बहुधा एखाद्या सभासदाने आपले खाते पाहण्यास मागितले, कोणीतरी सी रकान्यात त्याचा क्रमांक निवडला आणि फिल्टर तसाच राहिला.

एंड एक्सएलअप म्हणजे कंट्रोल दाबून वरचा बाण दाबणे, याहून वेगळे काही नाही, आणि ही कळ लपलेल्या ओळींवर थांबत नाही. त्या सभासदाची सकाळची नोंद १२,३७७ व्या ओळीत असणार. फिल्टरमुळे तीच शेवटची दिसणारी ओळ होती, म्हणून मॅक्रोने तिलाच शेवट मानले आणि पहिली नोंद १२,३७८ मध्ये लिहिली. तेथे सकाळची दुसऱ्या कोणाची तरी नोंद होती, ती पुसली गेली. यापुढचा भाग अधिक घातक आहे. मॅक्रोने लिहिले तरी १२,३७८ ही ओळ लपलेलीच राहते, कारण फिल्टर आपणहून पुन्हा लागू होत नाही. त्यामुळे पुढच्या वेळीही शेवट १२,३७७ च मिळतो, आणि अशा रीतीने १४० नोंदी एकावर एक त्याच ओळीत लिहिल्या गेल्या. चूक दाखवली गेली नाही, कारण एक्सेलच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. सकाळची १२,३७८ मधील मूळ नोंद कोणाची होती ते स्थळप्रतींवरून आजच तपासून घ्यावे. संध्याकाळच्या नोंदी भरून काढताना ती राहून गेली असण्याचा संभव आहे.

उपाय असा की शेवट शोधण्यापूर्वी फिल्टर काढावा. शीटचा फिल्टरमोड हा गुण तपासावा आणि तो खरा असेल तरच शोऑलडेटा (सर्व ओळी पुन्हा दाखवणारी आज्ञा) चालवावे. फिल्टर नसताना शोऑलडेटा चालवल्यास पुन्हा १००४ चीच चूक येते. त्यानंतरची ओळ मी अशी लिहीन (नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे) :

शेवटची = वही.सेल्स(वही.रोज.काउंट, "सी").एंड(एक्सएलअप).रो

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. रकाना ए ऐवजी सी घेतला आहे, कारण तारीख एखाद्या वेळी भरायची राहून जाईल, परंतु सभासद क्रमांकाशिवाय नोंदच होऊ शकत नाही. मॅक्रोला शीटचा शेवट माहीत नसतो, त्याला फक्त एका रकान्याचा शेवट कळतो. त्यामुळे ज्या रकान्याशिवाय ओळीला अर्थच उरत नाही तो रकाना आपणच ठरवून द्यावा लागतो. दुसरे, रोजच्या आधीही शीटचे नाव लिहिले आहे. ते गाळले तर त्या क्षणी समोर असलेल्या शीटच्या ओळी मोजल्या जातात. समोर नवी फाइल असेल तर ती संख्या १०,४८,५७६ असते, आणि आपली वही जुन्या एक्सएलएस प्रकारात असेल तर तिच्यात ६५,५३६ च ओळी असतात. मग मॅक्रो अस्तित्वात नसलेल्या ओळीचा पत्ता शोधू लागतो आणि अडकतो.

तिसरी गोष्ट या ओळीत दिसत नाही, पण तिच्या आधी हवी. ‘शेवटची’ हे चल (संख्या साठवणारे नाव) इंटिजर म्हणून घोषित केले असेल तर ते आजच लाँग (मोठ्या संख्यांचा प्रकार) करावे. इंटिजरमध्ये ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. आपल्या वेगाने, रोज २८० ओळी धरल्या तर, ११८ व्या दिवशी मॅक्रो ओव्हरफ्लो असे सांगून थांबेल, आणि ते नेमके दूध मोजणे चालू असताना, रांग उभी असताना घडेल.

उत्तर : तिसरी_ओळ

खतावणी यांनी सांगितलेले निदान बरोबर आहे. आपल्या पहिल्या दोन पद्धती का फसल्या हेही समजून घ्यावे, कारण तीच कारणे पुढे वेगळ्या रूपात भेटतात.

एंड एक्सएलडाउन शीर्षकापासून खाली निघते आणि पहिल्या कोऱ्या सेलच्या अलीकडे थांबते. खाली काहीच नसेल तर ते थेट शीटच्या अगदी शेवटच्या ओळीवर (नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६ व्या) जाऊन पोचते, आणि तिच्याखाली आणखी एक ओळ मागितली की १००४. कोऱ्या वहीत आपल्याला हाच अनुभव आला. मधली एखादी सेल कोरी असेल तर चूक येत नाही, मात्र नवी नोंद त्या फटीत लिहिली जाते आणि त्या ओळीत इतर रकान्यांत जुनी नोंद असेल तर ती पुसली जाते. यूज्डरेंजचे दुखणे निराळे आहे. ज्या सेलला किनार आखली आहे, रंग दिला आहे किंवा सूत्र आहे, ती सेल त्याच्या लेखी वापरलेली असते. शिवाय त्यातील ओळींची संख्या म्हणजे शेवटच्या ओळीचा क्रमांक नव्हे. आपल्या शीटवर वरच्या दोन ओळी कोऱ्या असल्यामुळे वापर तिसऱ्या ओळीपासून सुरू होतो आणि संख्या १९,९९८ येते, म्हणून नोंदी १९,९९९ पासून सुरू झाल्या. वर एकही कोरी ओळ नसलेल्या शीटवर हीच चूक कधीच दिसली नसती.

दर आणि रक्कम या रकान्यांवर एंड एक्सएलअप कधीही लावू नये. सूत्राने कोरा मजकूर दिला तरी ती सेल भरलेली मानली जाते, त्यामुळे उत्तर २०,००० येईल. तसा रकाना घेणे भागच असेल तर फाइंड वापरावे : शोधायचे चिन्ह तारा (*), शोध मूल्यांमध्ये म्हणजे एक्सएलव्हॅल्यूज, क्रम ओळींनुसार आणि दिशा एक्सएलप्रीव्हियस म्हणजे शेवटाकडून मागे. या रीतीने सूत्र असूनही कोऱ्या दिसणाऱ्या सेल ओलांडल्या जातात. फाइंड वापरताना दोन पथ्ये पाळावीत. लुकइन, लुकअॅट आणि सर्चऑर्डर (कशात शोधायचे, पूर्ण की अंशतः जुळवायचे आणि कोणत्या क्रमाने) यांच्या मागच्या वेळच्या निवडी ते लक्षात ठेवते. कोणी कंट्रोल एफ दाबून हाताने काही शोधले असेल तर तीच निवड मॅक्रोलाही लागू होते, म्हणून हे तिन्ही दर वेळी स्पष्ट लिहावेत. आणि शीट पूर्ण कोरी असेल तर फाइंड ‘नथिंग’ (काहीच सापडले नाही) असे उत्तर देते, त्यावर थेट ओळ क्रमांक मागितला की ९१ क्रमांकाची चूक येते. फाइंड वापरले तरी फिल्टर आधी काढावाच.

आणखी एक प्रकार मी एका किराणा दुकानाच्या वहीत स्वतः पाहिला आहे. चुकीची नोंद खोडण्यासाठी डिलीट न दाबता स्पेसबार दाबण्याची सवय काहींना असते. सेल कोरी दिसते, छापली तरी कोरीच दिसते, पण तिच्यात एक रिकामी जागा असते आणि एंड एक्सएलअप तेथेच थांबते. त्या वहीत हिशेबाखाली चाळीसेक ओळी सोडून नव्या नोंदी सुरू होत होत्या आणि कोणाला कारण कळत नव्हते. अशी शंका आल्यास शेजारच्या सेलमध्ये लेन हे सूत्र लावून लांबी पाहावी. उत्तर शून्याऐवजी १ आले की चोर सापडला. मॅक्रोमध्ये यावर इलाज म्हणून, मिळालेल्या ओळीतील मूल्य ट्रिम केल्यावर काही उरते का ते पाहावे आणि उरत नसेल तर एक एक ओळ वर सरकावे. वेब पानावरून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची रिकामी जागा येते, ती ट्रिमने जात नाही. ती आधी रिप्लेसने काढावी लागते.

प्रतिसाद : संकलन_वही

आपणा दोघांचे मनापासून आभार. फिल्टरच होता. त्या दिवशी दुपारी एक काका आपले मागचे दहा दिवस पाहायला आले होते, त्यांचे खाते मीच उघडून दाखवले आणि फिल्टर काढायचे राहून गेले. वहीची प्रत घेऊन पुन्हा तसाच फिल्टर लावून पाहिले, तर लागोपाठ पाच नोंदी माझ्या डोळ्यांदेखत १२,३७८ याच ओळीत गेल्या. सकाळची पुसली गेलेली नोंदही स्थळप्रतींत सापडली, ४.५ लिटरची होती आणि मी ती खरोखरच भरली नव्हती. आपण सांगितले नसते तर त्या सभासदाचे तेवढे पैसे बुडाले असते.

चल इंटिजरच होते, ते लाँग केले. फाइल मात्र जुन्या संगणकावरून आणल्यामुळे एक्सएलएस प्रकारातच आहे. त्याने काही बिघडते का?

उत्तर : खतावणी

बिघडते. ६५,५३६ ओळींची मर्यादा आपल्या वेगाने आठ महिने पुरे होण्याआधीच गाठली जाईल. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये १५,८४१ कोविड रुग्णांची नोंद दैनंदिन आकड्यांतून सुटली होती, त्यामागेही याच जुन्या फाइल प्रकाराची ओळींची मर्यादा होती, आणि त्यामुळे त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. मॅक्रो असल्यामुळे फाइल एक्सएलएसएम या प्रकारात जतन करावी, बंद करून पुन्हा उघडावी आणि मगच वापरावी. न उघडता काम चालू ठेवल्यास ती ६५,५३६ ओळींचीच राहते.

जमल्यास एक मोठा बदलही करावा. २०,००० व्या ओळीपर्यंत ओढून ठेवलेली सूत्रे काढून टाकावीत आणि नोंदींच्या भागाचे इन्सर्ट मेन्यूतून टेबल करावे. मॅक्रोला ते लिस्टऑब्जेक्ट या नावाने मिळते आणि त्यात लिस्टरोज.अॅड म्हटले की नवी ओळ टेबलाच्या शेवटी जोडली जाते, खाली बेरजेची ओळ असली तरी तिच्या वर. दर आणि रकमेची सूत्रे नव्या ओळीत आपोआप उतरतात. शेवट कोठे आहे हे टेबल स्वतःच सांभाळते, आपल्याला शोधावे लागत नाही. शीटला पासवर्डचे संरक्षण असेल तर टेबल वाढत नाही, तेवढे मॅक्रोने आधी काढून नंतर पुन्हा लावावे.

उत्तर : मोकळे_पान

आमच्या वाचनालयात लिब्रेऑफिस कॅल्क वापरतात, त्यामुळे तेथील वाचकांसाठी थोडे लिहितो. तेथे शीटवर क्रिएटकर्सरने कर्सर घेऊन गोटूएंडऑफयूज्डएरिया चालवावे आणि रेंजअॅड्रेसमधील एंडरो वाचावी. ही मोजणी शून्यापासून असते, म्हणून पडद्यावरचा क्रमांक हवा असल्यास त्यात एक मिळवावा लागतो. ग्रंथनोंदी एक ओळ वर सरकण्याचा घोटाळा मी यातूनच करून बसलो होतो. गूगल शीट्समध्ये गेटलास्टरो असते आणि ते सोयीचे आहे, परंतु एखाद्या रकान्यात चेकबॉक्स खालपर्यंत ओढून ठेवले असतील तर न टिपलेला चेकबॉक्सही ते भरलेली सेल म्हणून धरते.

प्रतिसाद : संकलन_वही

फाइल एक्सएलएसएम केली, टेबल केले आणि सूत्रांची शेपटी काढून टाकली. काल संध्याकाळी मुद्दाम फिल्टर लावून ठेवला होता. मॅक्रोने तो आधी काढला आणि १४० पैकी १४० नोंदी टेबलाच्या शेवटी क्रमाने उतरल्या. शिवाय एक तपासणी जोडली आहे : सत्र बंद करताना छापलेल्या चिठ्ठ्यांची संख्या आणि त्या सत्राच्या ओळींची संख्या जुळली नाही तर मॅक्रो मोठ्या अक्षरांत सूचना देतो आणि सत्र बंद होऊ देत नाही. ज्यांची ४.५ लिटरची नोंद पुसली गेली होती, त्यांच्या बिलात ती रक्कम जोडून त्यांना तसे जाऊन सांगितले आहे.