ड्रॉप सॉला हवेचे क्लॅम्प: फायद्याचे की डोक्याला ताप?

पट्टीमाप
खिडक्यांचे अॅल्युमिनियमचे सेक्शन (पोकळ पट्ट्या) कापणाऱ्या शेडमध्ये १२ इंची ड्रॉप सॉ (वरून खाली आणायची गोल पात्याची करवत) असतो आणि त्याचा मूळ स्क्रू क्लॅम्प (माल आवळून धरणारा शिकंजा) बहुतेक वेळा कोपऱ्यात पडलेला असतो. काप काही सेकंदांचा, आवळायला-सोडायला त्याच्या दुप्पट वेळ. मग डावा हात सेक्शनवर आणि उजवा हँडलवर. हे थांबवायचं तर हवेचा क्लॅम्पच हवा, असं माझं मत. मांडणी अशी: ४० मिमी बोअर, ५० मिमी स्ट्रोकचे दोन डबल-अॅक्टिंग (दोन्ही दिशांना हवेनेच सरकणारे) सिलिंडर, ब्लेडच्या दोन्ही बाजूंना उभे, पायाने दाबायचा ५/२ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती), ८ मिमी पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब आणि एफआरएल (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर). ६ बारला प्रत्येकी साधारण ७५ किलोचा दाब. विरोध असेल तर कारणासकट करा.

टॉगलच_बरा
विरोध आहे. ७५ किलो खाली दाबताय म्हणजे तेवढाच जोर ब्रॅकेट वर उचलणार. ब्रॅकेट फेन्सला (सेक्शन टेकतो त्या मागच्या उभ्या पट्टीला) बोल्ट केलात तर फेन्स वाकेल, कारण ती ओतीव अॅल्युमिनियमची आहे. गुण्यात ९० दिसेल ते हवा बंद असताना. हवा चालू केली की काप तिरका. शिवाय १.२ मिमी भिंतीच्या पोकळ सेक्शनवर पिस्टनचं टोक टेकवलंत तर खळगा पडलाच म्हणून समजा. रबरी टोकाचा टॉगल क्लॅम्प (दांडा दाबला की अडकून बसणारा) एका हाताने एका झटक्यात बसतो. कॉम्प्रेसर नको, नळ्या नकोत.

हवामान_खातं
पहिला मुद्दा बरोबर, निष्कर्ष चूक. सिलिंडर सॉवर लावूच नयेत. १२ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट घ्या, तिच्यावर सॉ बोल्ट करा आणि त्याच प्लेटला १० मिमी पट्टीचे C आकाराचे ब्रॅकेट वेल्ड करा. जोर प्लेटमध्येच फिरतो, फेन्सला कळतही नाही. फक्त पॅडच्या बरोबर खाली टेबलाचा भरीव भाग यायला हवा.

खळग्याचं म्हणाल तर ६ बार लावायला सांगितलंय कुणी? रेग्युलेटर ३ बारवर आणा, ३८ किलो मिळतात आणि खिडकीच्या सेक्शनला ते पुरतात. टोकाला ६० × ४० मिमीचा नायलॉन ठोकळा, खाली ५ मिमी पीयू शीट. पॅड पोकळीच्या मधोमध नको, उभ्या भिंतीच्या डोक्यावर यावा. वेडावाकडा सेक्शन असेल तर त्याच्या उलट आकाराचा नायलॉन ठोकळा करून घ्यावा. आणि पावडर कोटिंगवरचे डाग बहुतेक वेळा दाबाने पडत नाहीत, पॅडखाली अडकलेल्या किसाने पडतात. दर कापानंतर पॅड पुसला नाही तर २ बारलाही ओरखडा येतो.

हवेचा खर्च किरकोळ. ६ बारलाही दोन सिलिंडरांना मिळून एका कापाला पावणेदोन लिटर मोकळी हवा लागते. एक एचपीच्या कॉम्प्रेसरला ते जाणवणारही नाही.

ब्लेडचा_दात
तुम्ही दोघं दाबावर भांडताय, पण दोन्ही बाजू सारख्याच आवळणं हीच मूळ गडबड आहे. टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजू एका पातळीत नसतील तर सेक्शन ताणाखाली बसतो, काप संपत आला की कापाची फट मिटते आणि ब्लेड चावतं, म्हणजे मालात अडकतं. कामाच्या तुकड्याकडे पूर्ण दाब ठेवा, उरलेल्या तुकड्याकडे वेगळा रेग्युलेटर लावून जेमतेम एक बार. उरलेला तुकडा अगदीच आखूड असेल तर तो मोकळा सोडू नका. ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये सापडला की गोळीसारखा सुटतो. फेन्सला नायलॉनची पट्टी लावून तिच्यातूनच ब्लेड काढलं की ही फट उरत नाही. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत वर उचलायचं नाही, हेही पाळा.

ब्लेड लाकडाचं असेल तर कुठलाच क्लॅम्प वाचवणार नाही. टीसीजी दात (एक कोपरे कापलेला, एक सपाट, असे आलटून-पालटून), उणे ५ अंश हुक (दाताचा पुढचा कल), ३०५ मिमीला १०० दात. धन हुकचं ब्लेड स्वतःच मालात घुसतं.

टॉगलच_बरा
बरं, दाब कमी, ब्रॅकेट वेगळा, मान्य. आता हवा गेली तर? स्प्रिंगचा पाय-व्हॉल्व्ह आहे. पाय सटकला की क्लॅम्प उघडला आणि ब्लेड तर फिरतंय. त्याच लाईनवर शेजारी कुणी एअरगन चालवली तरी दाब पडतो. टॉगल एकदा मध्यबिंदू ओलांडून बसला की वीज, हवा काहीही जाऊ दे, तसाच राहतो.

हवामान_खातं
हा खरा प्रश्न, आणि पट्टीमाप यांच्या मांडणीत त्याचं उत्तर नाही. पाय-व्हॉल्व्ह काढा. दोन्ही स्थितींत अडकून राहणारा हँड-लिव्हर ५/२ लावा. सिलिंडरच्या दाबणाऱ्या पोर्टवरच, मध्ये नळी न ठेवता, पायलट चेक व्हॉल्व्ह (उघडायला दुसऱ्या लाईनची हवा मिळेपर्यंत आतली हवा परत न सोडणारा) बसवा. लाईन फुटली तरी आतली हवा कोंडलेली राहते. प्रेशर स्विचचा संपर्क मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) कॉइलमध्ये घ्या, म्हणजे अडीच बारखाली मोटर सुरूच होणार नाही. पण केवळ स्विचवर विसंबू नका. मोटर बंद झाली तरी ब्लेड काही सेकंद फिरतंच, त्या वेळात सेक्शन धरून ठेवतो तो चेक व्हॉल्व्ह. याचा एक तोटा आहे: मेन हवा बंद केल्यावरही सिलिंडर भरलेला राहतो. त्यामुळे चेक व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये हाताने हवा सोडायचा छोटा कॉक ठेवा, आणि तो उघडल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका.

बोटांचंही बघा. उघड्या स्थितीत पॅड आणि सेक्शनमध्ये ६ मिमीपेक्षा कमी फट ठेवली तर बोट शिरत नाही. ५० स्ट्रोक पूर्ण वापरायचा मोह टाळा. सेक्शन बदलला की सिलिंडर खाचेत वर-खाली सरकवा.

पट्टीमाप
पाय-व्हॉल्व्ह रद्द. पण दर सेक्शनला सिलिंडर सरकवायचा असेल तर टॉगलचा बोल्ट फिरवण्यापेक्षा वेगळं काय? आणि ४५ अंशाच्या कापाला?

ब्लेडचा_दात
एकाच सेक्शनचे शंभर तुकडे असतील तर फरक पडतो, दहा-दहाच्या फुटकळ कामात नाही. तिथे टॉगलच_बरा यांचंच खरं.

४५ अंशाला जोराचा काही भाग फेन्सला समांतर जातो, सेक्शन लांबीत सरकतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात फट दिसते. आधी आडवा क्लॅम्प फेन्सकडे ढकलणारा, मग उभा, असा क्रम लावा. उभ्याच्या फ्लो कंट्रोलला (हवेचा वेग कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूला) थोडं आवळलं की वेगळ्या सर्किटशिवाय तो मागे राहतो. मापाचा स्टॉपर कामाच्या तुकड्याकडेच हवा, कारण मोकळ्या तुकड्यामागे लावला तर तोच चावणार. वेल्डिंगआधी प्लग काढून डोकं डाव्या ४५, ९० आणि उजव्या ४५ ला पूर्ण खाली आणून बघा. गार्ड उघडताना सिलिंडरपासून २० मिमी तरी लांब राहायला हवं.

टॉगलच_बरा
वेल्डिंग झालं की फेन्सला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून क्लॅम्पची हवा चालू करा. काटा हलला तर ब्रॅकेट अजून सॉला कुठेतरी चिकटलाय.