दोघांसाठी बेटासारखा निवांत मुक्काम कोकणातच मिळेल का?

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. माझे पती आणि मी दोघेही नोकरी करतो. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघेच असतो आणि येत्या फेब्रुवारीत चार-पाच दिवसांची रजा एकत्र मिळेल असे दिसते. एखाद्या बेटावर जाऊन काहीही न करता राहावे, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे. अंदमान आणि लक्षद्वीप या दोन्हींची चौकशी केली. परंतु रत्नागिरीहून जाण्या-येण्यातच रजेचा बराचसा भाग खर्च होईल, म्हणून तूर्त तो विचार बाजूला ठेवला आहे.

समुद्र आम्हाला नवा नाही. मात्र जन्म कोकणात जाऊनही आम्ही कोकणात विश्रांतीसाठी म्हणून कधीच राहिलेलो नाही. मालवणला गेलो की नणंदेकडे उतरतो, गुहागरला गेलो की मावशीकडे. तिथे माया भरपूर मिळते. पण देवदर्शन, भेटीगाठी आणि आग्रहाची जेवणे यांत दिवस कसा संपतो ते कळत नाही आणि दोघांनी शांतपणे बोलत बसायचे राहूनच जाते.

आम्हाला जलक्रीडा नकोत आणि स्थळदर्शनाची धावपळही नको. जवळ पाणी असावे, सकाळ-संध्याकाळ लांबवर चालता यावे आणि जेवण साधे, घरगुती असावे, एवढीच अपेक्षा आहे. देवबागचे नाव सगळेच सुचवतात. आमच्यासारख्यांना ते योग्य ठरेल का, की भोगवे, निवती या बाजूचा विचार करावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

माडाची सावली (मालवण)

ताई, आपला प्रश्न मला मनापासून आवडला, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक पाहुणे याच्या नेमके उलट मागतात.

देवबाग सुचवले जाते ते उगाच नाही. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, अशा अरुंद पट्टीवर हे गाव वसलेले आहे. टोकाला संगमापाशी उभे राहिले की खरोखरच बेटावर असल्यासारखे वाटते. परंतु त्याच संगमावर डॉल्फिन दाखवणाऱ्या आणि वाळूच्या दांड्यावर नेणाऱ्या होड्यांची वर्दळ असते. त्या दांड्याला आता सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. या व्यवसायावर आमच्या गावांतली कितीतरी घरे चालतात, त्यामुळे त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मात्र आपल्याला हवी असलेली शांतता तिथे शनिवार-रविवारी मिळणार नाही. देवबागलाच राहायचे झाले तर सोमवार ते गुरुवार राहावे आणि खोली समुद्राकडची न घेता नदीकाठची घ्यावी. समुद्राची गाज रात्री आवडते, पण नदीकाठी सकाळी जे स्तब्ध पाणी दिसते त्याला तोड नाही.

माझ्या मते आपण भोगव्याला राहावे. संगमाच्या पलीकडचा हा किनारा वेंगुर्ले तालुक्यात येतो. देवबागहून होडीने तो अगदी समोर आहे, रस्त्याने मात्र पाट-परुळ्याकडून मोठा वळसा पडतो आणि म्हणूनच तिथली गर्दी आजवर आटोक्यात राहिली आहे. मागे डोंगर, मध्ये माडांची बाग, पुढे लांबलचक पुळण, आणि दक्षिणेला निवतीचा किल्ला. रेल्वेने कुडाळला उतरून रिक्षाने जाता येते. स्वतःची गाडी असेल तर सागरी मार्गाने पावस, जैतापूर, देवगड, आचरा असे खाड्यांचे पूल ओलांडत यावे. वेळ जास्त लागतो, पण या प्रवासाचा थकवा जाणवत नाही.

एक गोष्ट जरूर पाहावी. पहाटे किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली तर थांबावे. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढून परत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढत, पावलापावलाने एकमेकींजवळ सरकत जातात. जाळ्याचा झोळ वाळूला टेकेपर्यंत तास-दोन तास सहज जातात. तोवर घारी आणि कावळे वर फेऱ्या मारत असतात आणि शेवटच्या क्षणी तारली-बांगड्यांचा चकचकीत ढीग वाळूवर तडफडू लागतो. दोराला हात लावलात तर कोणी नको म्हणणार नाही, आणि पुष्कळदा वाट्याला मूठभर मासळीही येते.

प्रवाळ

मी लक्षद्वीप आणि अंदमान दोन्ही पाहिले आहे, म्हणून तुलनेपुरते लिहितो. लक्षद्वीपला प्रवेशासाठी आधी परवाना काढावा लागतो आणि सहसा कोचीहून जहाजाने किंवा विमानाने आगत्ती बेटावर जातात. अंदमानात पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला उतरून पुन्हा बोटीने स्वराज द्वीप गाठावे लागते. थोडक्या रजेत हे करू नये, या आपल्या निर्णयाशी मी सहमत आहे.

फक्त पाण्याच्या रंगाची अपेक्षा घेऊन भोगव्याला जाऊ नका. लक्षद्वीपच्या बेटांवर नद्या नाहीत, त्यामुळे गाळ येत नाही आणि प्रवाळाच्या कड्याआड पांढऱ्या वाळूवरचे उथळ पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. आपल्याकडे सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या दर पावसाळ्यात माती आणून ओततात. हिवाळ्यात पाणी बरेच निवळते, पण ते हिरवटच राहते. मला स्वतःला हा हिरवा समुद्र अधिक जवळचा वाटतो. शिवाय त्याच गाळावर कांदळवने उभी आहेत, आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या होडीतून त्यांत फिरण्याइतका निवांत अनुभव मला दूरच्या बेटांवरही क्वचितच मिळाला.

वेळा

मी मच्छीमार कुटुंबातली आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत जे आलेले नाही ते सांगणे मला गरजेचे वाटते. संगमाच्या जवळपास कुठेही, अलीकडे वा पलीकडे, पोहायला उतरू नये. ओहोटी लागली की खाडीचे सगळे पाणी तोंडातून बाहेर धावते, त्याची ओढ वरून दिसत नाही आणि वाळूचे दांडे दर वर्षी जागा बदलत असल्यामुळे गेल्या वर्षी गुडघाभर असलेले पाणी यंदा तसेच असेल, असे कोणी सांगू शकत नाही. भोगव्याच्या किनाऱ्याला उतारही आहे. भिजायचे असेल तर यजमानांना जागा विचारावी आणि गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. ते मागण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

जेवणाबद्दलही थोडे. आपल्याला काय हवे ते यजमानांना आदल्या संध्याकाळीच सांगावे, म्हणजे मासळी त्या हिशेबाने घेता येते. पर्यटकांना रोज सुरमईचे ताट वाढले जाते, परंतु आपण कोकणातल्याच आहात, तेव्हा सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, असे मोकळेपणाने मागा. करणाऱ्या बाईलाही बरे वाटते, कारण ते तिच्या घरातलेच जेवण असते.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पतीशी चर्चा करून आम्ही भोगवे नक्की केले असून मधल्या एका सकाळी मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहायचे ठरवले आहे. कुरटे बेटावरच्या त्या किल्ल्यात भर समुद्रात गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आहेत, हे आमच्या यांनी अजून पाहिलेले नाही. नणंदबाईंना आधीच फोन करून सांगितले आहे. त्या रागावल्या नाहीत, उलट “जावा, दोघांनीच जावा” म्हणाल्या.

आता तारखा ठरवायच्या आहेत. सकाळ-संध्याकाळ लांब चालायला मिळावे, यासाठी भरती-ओहोटीचा अंदाज आधी कसा घ्यावा?

माडाची सावली (मालवण)

ताई, आपला जुना आडाखा आहे तो लावा. तिथीला पाऊणने गुणावे, की मुंबईकडची पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मालवण-वेंगुर्ल्याकडे ती थोडी आधी येते, एवढे लक्षात ठेवावे.

या हिशेबाने अष्टमीच्या आसपास येऊ नये, कारण तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी वर असते आणि मोकळी पुळण भर दुपारच्या उन्हात मिळते. पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला भरती दुपारी येते आणि सकाळी सहा-सातच्या सुमारास तसेच संध्याकाळीही पाणी दूरवर ओसरलेले असते, त्यामुळे ओल्या घट्ट वाळूवरून निवतीच्या दिशेने हवे तितके चालता येते. शिवाय सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने चंद्र मागच्या डोंगरावरून वर येतो, तेव्हा परतताना विजेरीची फारशी गरज पडत नाही. दिनदर्शिकेत हे दिवस शनिवार-रविवारी येत नाहीत ना, तेवढे पाहून घ्यावे आणि खोली लवकर सांगून ठेवावी, कारण भोगव्यात घरे मोजकीच आहेत.