बंपर घासला, फेंडर चेपला: क्लेम टाकायचा की खिशातून भरायचे?

किलोमीटर (धागाकर्ता)
गाडीला लागलं की बहुतेक जण वर्कशॉपचं एस्टिमेट बघतात, आकडा मोठा दिसला की क्लेमच्या फॉर्मवर सही करून मोकळे होतात. माझं मत उलटं आहे. नुसतं चेपलं-घासलं असेल तर क्लेम टाकू नये.

आपल्याकडे एनसीबीच्या (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) पायऱ्या ठरलेल्या आहेत: विनाक्लेम सलग वर्षांना २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. सवलत फक्त ओडी हप्त्यावर (ओन डॅमेज, आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग), थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग) नाही. एक क्लेम घेतला की पुढच्या रिन्युअलला शून्य, आणि परत खालून चढायचं.

तिसऱ्या वर्षात असलेली १२०० सीसीची गाडी घ्या. एनसीबी २५ टक्के, मूळ ओडी हप्ता १०,००० धरू. क्लेम नसता तर पुढे ३५, ४५, ५०, ५०, ५० मिळाले असते. क्लेमनंतर ०, २०, २५, ३५, ४५. फरकांची बेरीज १०५ टक्के, म्हणजे १०,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी: १२,३९०. लोक पहिल्या वर्षाचा फरक बघतात आणि पुढची चार वर्षं विसरतात.

आता एस्टिमेट: बंपर ९,०००, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) ६,०००, दोन्हींचं पेंटिंग ८,०००, मजुरी ३,०००. एकूण २६,०००. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के घसारा (भाग जुना म्हणून होणारी कपात), म्हणजे ४,५०० तुमचे. या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर १५ टक्के, ९००. पेंटिंगच्या बिलात २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, १,०००. वर कंपल्सरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेमला तुम्हीच भरायची ठरलेली रक्कम) १,००० (१५०० सीसीच्या वर २,०००). तुमच्या खिशातून ७,४०० गेले. त्यात एनसीबीचे १२,३९० मिळवा: १९,७९०. हेच काम बाहेरचा चांगला डेंटर पत्रा ओढून, बंपर दुरुस्त करून १२,००० त देत असेल तर क्लेम कशाला?

बिनधास्त_क्लेम
गणित बरोबर, गृहीतक चूक. पाच वर्षं गाडीला एकही ओरखडा येणार नाही असं धरून १०५ टक्के काढलेत. पुढच्याच वर्षी मोठा क्लेम घ्यावा लागला तर आज क्लेम घ्या किंवा नका घेऊ, एनसीबी शून्यावरच येते. मग आजच्या क्लेमची किंमत फक्त पहिल्या रिन्युअलचे ३५ टक्के, जीएसटी धरून ४,१३०. शिवाय दर वर्षी आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) उतरतो, त्याबरोबर ओडी हप्ताही. १०,००० पाच वर्षं तसाच राहत नाही.

झिरो डेप घेतलं असेल तर घसारा कटतच नाही, डिडक्टिबलचे १,००० तेवढे जातात. तुमच्याच हिशोबाने १३,३९०, तेही नव्या बंपरसकट. विमा घ्यायचा आणि वापरायला घाबरायचं, हा कुठला शहाणपणा?

किलोमीटर
नव्या बंपरचा मुद्दा मान्य. पण झिरो डेपमध्येही वर्षाला किती क्लेम याला बहुधा मर्यादा असते, ती पॉलिसीत बघा. नट-बोल्ट, क्लिपा, कूलंट यांचे पैसे कन्झ्युमेबल कव्हर (अशा किरकोळ वस्तूंचं जादा कव्हर) नसेल तर तुमच्याच नावावर येतात. आणि मोठा क्लेम कधी येईल हे माहीत नसताना तो येणारच असं धरणं हेही गृहीतकच.

पुट्टीपुराण
दोघेही पैशात अडकलात. आधी बघा, पत्रा बोल्टवरचा आहे की वेल्डिंगचा.

पुढचा फेंडर, बॉनेट, दरवाजे बोल्टवर असतात. चेपलेला भाग ओढून मूळ आकारात आणला तर वर पातळ पुट्टी (रंगाआधी भरायचा लगदा) पुरते. ओढायच्या ऐवजी खड्डा पुट्टीने भरला तर ती पुढे तडकते, पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो. म्हणून स्वस्त दर ऐकला की विचारा, ‘ओढणार की भरणार?’ मेटॅलिक रंग शेजारच्या पॅनलवर थोडा उतरवावा लागतो, नाहीतर उन्हात शेडचा फरक दिसतो.

मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) मात्र बॉडीला वेल्ड केलेला असतो. तो बदलायचा म्हणजे कापून, स्पॉट वेल्ड मारून, सांध्याला सीलर आणि गंजरोधक लावून. तिथे खिशातून भरायचा विचार करू नका. रेडिएटर सपोर्ट किंवा चॅसिसच्या टोकाला लागलं असेल तरी तेच.

बंपर फसवतो. प्लास्टिक परत बाहेर येतं, वरून नुसता ओरखडा दिसतो, आणि आत ब्रॅकेट तुटलेलं, क्रॅश बीम (धक्का झेलणारी आडवी पट्टी) वाकलेला. माउंटिंगचे कान (बंपर अडकवायच्या खाचा) तुटले असतील तर चिकटवून काही दिवसांनी फट दिसायला लागते. बंपरच्या मागे रडार सेन्सर असेल तर त्या भागात पुट्टी नकोच, रंगाचे जास्तीचे थरही नकोत, सिग्नल बिघडतो. म्हणून बंपर उतरवून मगच एस्टिमेट घ्या. उभ्या गाडीकडे बघून दिलेला आकडा अंदाजच.

रेषेबाहेर
पण या सगळ्यात कंपनीला कळवायचं राहून गेलं तर? पॉलिसीत ताबडतोब कळवायची अट असते, आणि सर्व्हेच्या (कंपनीच्या सर्व्हेअरने नुकसान तपासण्याच्या) आधी काम सुरू केलं तर क्लेम अडकतो. आधी कळवा, फोटो काढा (नंबर प्लेटसह चारी बाजूंनी आणि जवळून), बंपर उतरवून सर्व्हे होऊ द्या, मग आकडा बघून ठरवा. पैसे मिळायच्या आधी क्लेम मागे घेता येतो. मात्र एनसीबी शाबूत राहील हे कंपनीकडून लेखी घ्या, वर्कशॉपच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

दुसऱ्या गाडीला किंवा माणसाला लागलं असेल तर ही निवड उरतच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे विमा कंपनीला कळवणं चालकाचं कर्तव्य आहे. थर्ड पार्टीचा दावा आला म्हणून एनसीबी जात नाही, ती ओडीच्या क्लेमनेच जाते. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण लपवतात.

बिनधास्त_क्लेम
याच वर्षी एक क्लेम झालेला असेल तर दुसऱ्याने एनसीबी आणखी काय जाणार? मागच्या दरवाजाचा जुना डेंट त्यातच काढून घ्यावा.

पुट्टीपुराण
वेगळा क्लेम, वेगळं डिडक्टिबल, वेगळं खरं कारण, तेही वेळेत कळवलेलं असेल तर जरूर. पण समोरच्या धडकेत मागचा दरवाजा घुसवला तर सर्व्हेअर ओरखड्याची उंची, दिशा आणि उघड्या पत्र्यावरचा गंज बघतो. ताज्या घावावर गंज नसतो. खोट्या माहितीवर अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

किलोमीटर
एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम घेऊनही एनसीबी टिकवणारं जादा कव्हर) असेल तर माझा सगळा हिशोब बदलतो, हे लिहायचं राहिलं. त्यात किती क्लेम चालतात आणि काच बदलली तर तो क्लेम मोजतात का, या दोन ओळी पॉलिसीत शोधा. काचेवर घसारा शून्य असतो, पण घसारा नाही म्हणजे एनसीबी वाचली असं नाही. दगडाने पडलेला छोटा टवका असेल तर रेझिन भरून घ्या. तडा काचेच्या कडेपर्यंत गेला असेल तर रेझिनचा उपयोग नाही, काच बदलावीच लागते.